तिसरा घाणा

ठाकुर्लीच्या त्या घरात दोन पोळपाट होते आणि ते एकमेकांना कधी भेटू द्यायचे नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. एक लाकडी, मधोमध थोडा खोलगट झालेला, रोजच्या पोळ्यांचा. दुसरा पांढऱ्या संगमरवराचा, इतका जड की उचलताना मला दोन्ही हात लागायचे. त्याच्या कडेला काकूंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तसाच ठिपका एका लाटण्यावर, एका चाळणीवर, मिक्सरच्या एका भांड्यावर आणि भट्टीच्या दोन ट्रेवर. ठिपका असेल ते सगळं ओट्सचं, त्याला गव्हाचं बोट लागायचं नाही. "हे आपल्या घरातलं सोवळं समज," काकू म्हणाल्या होत्या, आणि स्वतःच हसल्या होत्या, कारण त्या घरात देवाचं सोवळं कुणीच पाळत नव्हतं. मी मात्र हसले नाही. आमच्या गावी आजीच्या देवघरासमोरसुद्धा मी कधी एवढी जपून वावरले नव्हते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. जत तालुक्यातलं आमचं गाव सोडून ते तरुणपणीच डोंबिवलीच्या एका कारखान्यात लागले, आणि मग इकडचेच झाले. काकू इकडच्याच, बालवाडीच्या बाई. रिटायर झाल्यावर हात रिकामा राहीना म्हणून घरीच कुकीज करायला लागल्या. त्यांच्याकडे आकारांचे साचे होतेच, बालवाडीत मुलांना मातीकामाला द्यायचे ते: मासा, चांदणी, पान, हत्ती. आधी मैद्याच्या करायच्या. मग ओळखीतल्या कुणाला साखरेचा त्रास, कुणाला आणखी कशाचा, असं करत करत त्या ओट्सवर आल्या, आणि ओट्सच्या कुकीज नीट आकारात कापून देणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या ऑर्डरी यायच्या. एकटीला झेपेना म्हणून मला बोलावून घेतलं.

मी आठवीनंतर शाळा सोडलेली. त्याचं मोठं कारण असं काही नाही. आईला दमा, धाकटे दोघे, आणि नववीची शाळा सात किलोमीटरवर. वडील म्हणाले राहू दे, मीही म्हणाले राहू दे. मी ठाकुर्लीला आले तेव्हा सतरा संपत आलेलं. येताना एसटी स्टँडवर वडील म्हणाले, "दादाच्या घरात नीट ऱ्हा. एक जरी तक्रार आली ना, त्याच दिवशी न्यायला येतो आन् विट्याच्या पावण्यांना होकार कळवतो." विट्याचे पाहुणे म्हणजे सायकलचं दुकान असलेला, पहिली बायको गेलेला एक माणूस. त्याचा फोटो मी पाहिला होता. फोटोत वाईट असं काही नव्हतं. पण मला त्या माणसाशी लग्न करायचं नव्हतं. (हे माझी मुलगी वाचते आहे आणि विचारते, मग 'नाही' का म्हणाली नाहीस? तिला काय सांगू. 'नाही' म्हणायलाही कुणीतरी शिकवावं लागतं.)

त्यामुळे त्या घरात मी कशालाही घाबरायचे. कपबशी ठेवताना आवाज झाला की घाबरायचे, काका खोकले तरी घाबरायचे. आणि दुसरीकडे इतकं मिळत होतं की ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. झोपायला माझा स्वतःचा पलंग. कपाटाचा एक खण. तिसऱ्या दिवशी काकूंनी माझ्या हातात घराची चावी ठेवली, म्हणाल्या, "तुझी. हरवू नकोस." मी ती चावी कित्येक महिने केसाच्या रिबिनीत बांधून गळ्यात घालत होते. सकाळी सहाला पाणी यायचं, पंप सुरू व्हायचा, त्याच्या घरघरीबरोबर मी उठायचे. काकांचा रेडिओ, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खालून भाजीवाल्याची हाक. सातपर्यंत माझ्या पोळ्या होऊन जायच्या. पोळ्या मला चांगल्या यायच्या, हे मी सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या चांगल्या येण्यामुळेच झालं. आठव्या वर्षापासून लाटत होते. लाटणं दोनदा फिरलं की डावा हात पोळी वळवणार, उजवा हात डावीकडच्या ताटलीतली पिठी चिमटीत घेऊन पोळपाटावर टाकणार. डोळे खिडकीबाहेर असले तरी चालायचं.

ओट्सचं काम याच्या अगदी उलट. ओट्स ठरावीक पाकिटातले, ज्यावर गव्हापासून वेगळे ठेवल्याचं लिहिलेलं असे. ते गिरणीत द्यायचे नाहीत, कारण गिरणीत आपलं दळण कुणाच्या तरी गव्हावर पडतं. ठिपक्याच्या भांड्यात घरीच फिरवायचे, दोनदा चाळायचे. लोणी आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची, त्यात ते पीठ, वेलची, चमचाभर दूध. गव्हाच्या कणकेला जसा चिवटपणा असतो तसा याला नाही. हे पीठ तुमचं ऐकत नाही. दाबलं तर भेगा पडतात, ऊब लागली तर चिकटतं. म्हणून गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा, मग प्लास्टिकच्या दोन कागदांमधे घालून लाटायचा, साच्याने कापायचा आणि पातळ उलथन्याने श्वास रोखून उचलायचा. माझे पहिले पंचवीस हत्ती सोंडेविना भट्टीत गेले. काकू म्हणायच्या, "घाई करतेस. हे पोळीसारखं नाही, याला विचारून लाटावं लागतं."

ईराच्या घरची ऑर्डर दर महिन्याला असे. ईरा सात वर्षांची, कोपरला राहायची. तिला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नाही, गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडं सुजायचं, दिवसच्या दिवस उलट्या, वजन उतरायचं. तिची आई, अनघाताई, पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून प्रत्येक ठिपका बघून गेली होती. डॉक्टरांनी ओट्सना परवानगी दिली होती, तीही हेच पाकीट असेल तर. जाताना तिने काकूंचा हात धरला आणि म्हणाली, "शाळेत डबे उघडले की ही एकटी कोपऱ्यात बसते हो. तिच्याकडे वाटायला काहीच नसतं." ते 'वाटायला' मी विसरले नाही.

आणि मग तो शुक्रवार. ईराचा वाढदिवस. साठ कुकीज, वीस मासे, वीस चांदण्या, वीस हत्ती, संध्याकाळी चारला न्यायला येणार. काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यांना तपासायला त्याच दिवशी साडेअकराची वेळ मिळाली. काकू दारात चपला घालता घालता तीनदा परत आल्या. "जमेल ना गं?"

"जमेल."

"गोळा बाहेर काढून ठेवू नकोस. थोडा थोडा काढ."

"हो काकू."

"आणि भट्टी डाव्या बाजूला जास्त तापते, ट्रे फिरव."

काका जिन्यातून म्हणाले, "अगं चल आता, ती काय अणुबॉम्ब करतेय का!"

मी पहिल्यांदाच एकटी होते. सकाळी दवाखान्याच्या गडबडीत नेहमीची साफसफाई माझ्याकडून अर्धीच झालेली. एरवी पोळ्या झाल्या की पिठीची ताटली खालच्या कपाटात जायची, ओटा दोनदा पुसला जायचा, मगच ठिपक्याची भांडी बाहेर यायची. त्या दिवशी ओटा पुसला. ताटलीवर झाकण घातलं आणि ती गॅसच्या डावीकडे भिंतीला सरकवून ठेवली, मागून उचलू म्हणून. हे मला स्पष्ट आठवतं. झाकण घातलेलं स्पष्ट आठवतं.

बाराच्या सुमारास वीज गेली. शुक्रवारी जायचीच, पण तासाभरात यायची. त्या दिवशी दोन वाजले तरी नाही. फ्रिज उघडायची भीती, न उघडायचीही भीती. बाहेर बाल्कनीत कपडे वाळून कडक झालेले, आत मी कोरडा टॉवेल घेऊन फ्रिजच्या दाराशी उभी, जणू टॉवेलने आत थंडी राहणार होती. दोन वाजून पाच-दहा मिनिटांनी पंखा फिरला. तोवर गोळा लोण्यासारखा मऊ झाला होता. भट्टी तापवली, गोळा पुन्हा फ्रिजमध्ये टाकला, पण वाट बघायला वेळच उरला नव्हता. पहिला घाणा मासे. प्लास्टिकला चिकटले, शेपट्या तुटल्या, वीसच्या जागी सव्वीस कापले तेव्हा वीस नीट निघाले. दुसरा घाणा चांदण्या. त्याहून वाईट. टोकं सगळी प्लास्टिकवर. मला घाम आलेला, तो पिठावर पडू नये म्हणून खांद्याने कपाळ पुसत होते. घड्याळात सव्वातीन. प्लास्टिक चुरगळून फाटलं. दुसरं कापायला वेळ नाही म्हणून मी हत्ती सरळ संगमरवरावरच लाटले.

हत्ती सुरेख झाले. सोंडा, पाय, शेपटीचा तो बारीक तुकडा, सगळं जागच्या जागी. एकही चिकटला नाही.

चारला दहा कमी असताना काका-काकू आले. काकू तशाच स्वयंपाकघरात शिरल्या, जाळीवर गार होत असलेल्या कुकीजवर वाकल्या. मासा उचलला, ठेवला. चांदणी उचलली, ठेवली. मग हत्ती हातात घेऊन उजेडाकडे धरला. "अगोबाई. कडा बघ काय धारदार आल्यात! मलासुद्धा इतक्या येत नाहीत." काका हिरव्या पट्टीखालून बघत म्हणाले, "मग, आमच्या गावची आहे ती." त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची आजही लाज वाटते.

अनघाताई ईराला घेऊनच आली. ईराने नवा फ्रॉक घातला होता आणि त्यावर, वाटेत सांडू नये म्हणून, बाबांचा जुना शर्ट. डबा उघडून ती बघत राहिली.

"ह्या हत्तीला डोळा का नाही?"

"झोपलाय तो," मी म्हणाले.

"मग सहा वाजता उठेल. सहा वाजता पार्टी आहे." तिने बोटाने मोजले. "सगळ्यांना एक-एक आणि मला दोन. आज मी देणार आहे, मला कुणी नाही देणार."

त्या दोघी गेल्या. काकू सोफ्यावर पाय वर घेऊन पडल्या, काकांनी रेडिओ लावला. मी चहा टाकायला आत आले आणि डावीकडे बघितलं. पिठीच्या ताटलीचं झाकण बाजूला होतं. ताटलीत तीन बोटं ओढल्याची खूण होती.

मी आधी स्वतःला समजावलं. बोटांची खूण सकाळच्या पोळ्यांची असणार. झाकण मी चहाचं पातेलं काढताना सरकलं असणार. पण पातेलं अजून फळीवरच होतं. आणि संगमरवरावर, प्लास्टिकशिवाय, ऊब लागलेलं ओट्सचं पीठ एकदाही चिकटलं नाही, हे कसं? काकूंना आवडलेल्या त्या कडा कशामुळे आल्या? मी आठवायचा प्रयत्न केला. मासे आठवत होते, चांदण्या आठवत होत्या, घड्याळातले सव्वातीन आठवत होते. हत्तींचं काहीच आठवत नव्हतं. सरावाचं काम तसंच असतं, ते होऊन गेलं की मागे काही उरत नाही.

चहा झाला, काकूंना दिला, काकांना दिला. कप धुतले. डब्यात भरताना मोडलेला एक जास्तीचा हत्ती उरला होता, त्याचा तुकडा जिभेवर ठेवून बघितला. गव्हाची चव येते का? वेलची आली, लोणी आलं. मी इतकी मूर्ख की आणखी एक तुकडा खाऊन बघितला. मनात सारखं एकच चाललं होतं. सांगितलं तर तक्रार. तक्रार म्हणजे वडील, आणि वडील म्हणजे विटा. नाही सांगितलं तर कुणाला कधीच कळणार नाही. मुलांची पोटं वाढदिवसाला बिघडतातच. शिवाय मला खात्री कुठे आहे? खात्री नसताना कशाला सांगायचं? असं म्हणत मी ठिपक्याची भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. बाहेर रेडिओवर पाच वाजल्याचं सांगितलं.

मग मी एक गोष्ट केली. संगमरवराचा पोळपाट ओट्यावर मांडला, ताटली डावीकडे होती तिथे ठेवली, हातात लाटणं घेतलं आणि डोळे मिटले. पोळपाटावर काही नव्हतं. नुसतंच लाटायला लागले. मनात घाईचा विचार आणला, तुटलेल्या चांदण्या आणल्या. लाटणं दोनदा फिरलं, डाव्या हाताने नसलेली लाटी वळवली. आणि डोळे उघडले तेव्हा माझा उजवा हात ताटलीत होता. चिमटीत पिठी होती.

मी तशीच पांढरी बोटं घेऊन बाहेर गेले. "काकू, हत्तींना पिठी लागलीया."

काकू उठून बसल्या. "कसली पिठी?"

"गव्हाची. मी मुद्दाम नाही. हातानं घेतली. मला कळलं न्हाई."

"तुला कधी कळलं?"

"त्या गेल्यावर."

"गेल्यावर म्हणजे कधी?"

मी घड्याळाकडे बघितलं.

"चारला गेल्या त्या. आत्ता पाच वाजून गेलेत." काकूंचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "एक तास? तू तासभर भांडी घासत बसलीस?"

काकांनी रेडिओ बंद केला. काकूंनी फोन लावला, अनघाताईचा वाजत राहिला. तिच्या नवऱ्याचा नंबर नव्हता. पुन्हा वाजत राहिला. मेसेज टाकला, त्यावर एकच खूण आली, दुसरी येईना. "पर्स दे," काकू म्हणाल्या. "तू पण चल. काय केलंस ते तूच सांगणार आहेस."

खाली रिक्षावाला म्हणाला, "शेअरिंग ना मावशी? अजून एक येऊ दे."

"स्पेशल. कोपर. आणि पुलावरून घे."

"पुलावर ट्रॅफिक आहे, खालनं घेतो ना."

"बाबा रे, तुला हवं तिथून घे, पण थांबू नकोस. एका लेकराच्या पोटाचा प्रश्न आहे."

त्याने आरशातून माझ्या पांढऱ्या बोटांकडे बघितलं आणि रिक्षा अशी काढली की काकूंनी माझा दंड धरला. धरला तो पुलापर्यंत सोडला नाही. पुलावर एका टेम्पोने गाडी आडवी घातलेली, सगळे हॉर्न वाजवत होते. काकू सारखा फोन लावत होत्या आणि मी त्या वाजण्याच्या आवाजात आकडे मोजत होते. आम्ही सुटलो तेव्हा सहाला दहा कमी होती. मी देवाला म्हणत होते, पार्टी उशिरा सुरू होऊ दे. सगळ्याच होतात की उशिरा.

ती पार्टी वेळेवर सुरू झाली होती. सोसायटीच्या गच्चीवर फुगे, दहा-बारा मुलं, गाणी इतकी मोठ्याने की फोन कुणाला ऐकू येणार. टेबलावर केक होता, तो इतरांसाठी. ईरा खुर्चीवर उभी होती, डबा छातीशी धरून, आणि मुलं तिच्यासमोर रांगेत. "धक्का नाही, धक्का नाही! तुला काय पाहिजे, मासा का चांदणी? हत्ती संपत आले."

अनघाताई आम्हाला बघून हसत पुढे आली. "काकू, तुम्ही! या या, अहो मला वाटलंच..."

"अनघा, हत्ती थांबव," काकू म्हणाल्या. "त्यांना गव्हाचं पीठ लागलंय. ईराने खाल्लाय?"

मी पुढे होऊन सांगायच्या आत काकूंनी सांगून टाकलं होतं. अनघाताईने आधी गाणं बंद केलं. मग ती ईराजवळ गेली, गुडघ्यावर बसली. "बाळा, तू काय काय खाल्लंस?"

ईराने दोन बोटं वर केली. "एक मासा. एक हत्ती. सगळ्यांत आधी मी खाल्ला, वाढदिवस आहे म्हणून."

 काकू म्हणत होत्या, "माझी चूक आहे. माझ्या स्वयंपाकघरात झालं, म्हणजे मी केलं." मी म्हणाले, "नाही ताई, काकू घरी नव्हत्या. मी केलं. मला चारलाच कळलं आणि मी तासभर बोलले नाही." हे मी मोठ्याने म्हटलं की कसं ते ठाऊक नाही, पण गच्चीवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ईराची आजी खुर्चीतून म्हणाली, "इतकुशा पिठाने काय होतंय गं? आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"आई, प्लीज," अनघाताई म्हणाली. मग मला म्हणाली, "किती लागलं असेल? चमचाभर? चिमूट?"

"चिमूट. दोन-तीनदा. सगळ्या वीस हत्तींना मिळून."

"वीस हत्तींना," ती म्हणाली. मनातल्या मनात भागाकार करत असावी. मग तिने ईराच्या हातातून डबा घेतला, आणि तेव्हा ईरा रडली. पोट दुखतं म्हणून नाही. "मी देत होते! आई, मी देत होते ना सगळ्यांना! अजून वेदांतला नाही मिळाली!" रांगेतला वेदांत म्हणाला, "मला नको, राहू दे," आणि त्याने ती आणखीच रडली. ते रडणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, "चूक झाली त्याचं मला काही नाही. इतकी वर्षं मुलांत काढली, चुका मला ठाऊक आहेत. तो तास मात्र तुझा आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "रोज सकाळी अनघाला तू फोन करायचास. मी नाही. तू."

त्या संध्याकाळी मी माझी पिशवी भरली. दोन साड्या, तीन ड्रेस, आईने दिलेली गोधडी. गळ्यातली चावी काढून वर ठेवली. न्यायला येतील तेव्हा शोधाशोध नको. शनिवारी सकाळी मी फोन केला. "रात्री दोनदा उलटी झाली," अनघाताई म्हणाली. बाकी काही नाही. रविवारी म्हणाली, "पोट दुखतंय. खात नाहीये." मागून ईराचा कण्हण्याचा आवाज आला की मला तसा भास झाला, सांगता येत नाही. सोमवारी मी नंबर लावला आणि ठेवला, लावला आणि ठेवला, मग काकू मागे येऊन उभ्या राहिल्या म्हणून लावला. "शाळेत गेली आज. बरी आहे," अनघाताई म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही येऊन सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर मी ओट्सच बंद केले असते तिचे. पण आता फोन करू नका." त्यांची ऑर्डर पुन्हा कधी आली नाही. त्यांच्यासारख्या पालकांच्या ग्रुपमधल्या आणखी दोघा-तिघांच्याही बंद झाल्या. त्यांचा राग रास्तच होता, आणि तो घालवायचा प्रयत्न मी आजवर केलेला नाही.

काकू फोनवरचं सगळं ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मला वाटलं, आता वडिलांना फोन. पण आतून डबा सरकवल्याचा आवाज आला. कणकेचा मोठा डबा दोन्ही हातांनी ओढत त्या बाहेर आल्या, त्यावर पिठीची ताटली, रव्याची बरणी, मैद्याची पुडी. "अहो, हे खाली जोशींकडे देऊन या. सगळं."

काका डबा बघत राहिले. "आणि आपण?"

"आपल्याकडे गहू बंद. पोळपाट दोन ठेवले म्हणून तर झालं हे. हाताला कसं कळणार कुठला कुठला ते? ताटलीत गहूच नसला की हात गेला तरी गेला." मग माझ्याकडे वळल्या. दाराशी भरलेली पिशवी तिथूनच दिसत होती. "त्या पिशवीत भाकरीचा तवा नेत नाहीयेस ना? लागणार आहे तो."

काकांनी तीस-पस्तीस वर्षं दोन्ही वेळा पोळीच खाल्ली होती. गाव सुटल्याबरोबर भाकरी सुटली, असं ते स्वतःच सांगायचे, थोडं अभिमानानेच. त्यांच्या दातांची कवळी मऊ पोळीला बेतलेली. त्या दिवशी दुपारी मी ज्वारीची भाकरी थापली, पिठीला ज्वारीचंच पीठ. पहिली फुगली नाही. दुसरी फुगली. पिठलं आणि कांदा. काकू समोर बसल्या, काकांनी पट्टीखालून भाकरीकडे बघितलं, एक कोर मोडली, पिठल्यात बुडवली आणि चावायला सुरुवात केली. एका बाजूने चावलं, मग दुसऱ्या बाजूने. फार वेळ लागला. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी तव्याजवळ उभी होते, तिसरी भाकरी हातावर तशीच. काका काय म्हणतात त्यावर माझं सगळं ठरणार असं मला वाटत होतं, आणि खरं म्हणजे ते ठरून गेलेलं होतं, मलाच अजून कळलं नव्हतं.

त्यांनी घास गिळला. पाणी प्याले. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"दुसरी वाढ," काका म्हणाले. "आणि जरा पातळ थाप पोरी, उद्यापासून रोज खायचीय."